घरची मोटार आणि घोड्याचें ओझें

पूर्वी घोडा माणसाची गाडी ओढीत असे. आतां माणसाची गाडी घोड्याला ओढते. हें वाक्य थट्टेचें वाटेल. परंतु ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत अशा आमच्या वाचकांपैकीं कांहींना तरी त्यांतील खरी अडचण पत्रांतून किंवा फोनवरून कळली असेल. तिकडे गांवांच्या आसपास मुलांना घोड्यावर बसावयास शिकविणाऱ्या शाळा आहेत. १९५४ मध्यें स्थापन झालेली पोनी क्लबची संस्थाहि मुलांना घोड्याची स्वारी आणि निगा या दोन्ही गोष्टी शिकविते. घरांतील एखादी मुलगी तेथें जाऊं लागते, आधीं शाळेच्या तट्टावर बसते, पुढें तिचा स्वतःचा घोडा होतो, आणि स्पर्धा, शिबिर किंवा पशुवैद्य यांसाठीं तो घोडा शंभर-दोनशें मैल नेण्याचा प्रसंग येतो. आपल्याकडे असा घोडा बहुधा ट्रकमधून जातो. तिकडे दोन घोड्यांचा बंदिस्त ट्रेलर घरच्याच मोटारीच्या पाठीमागें जोडण्याची रीत आहे. मग ‘कोणती मोटार घ्यावी?’ हा प्रश्न उभा राहतो; आणि नव्या मोटारींच्या किंमती पाहून पुष्कळ कुटुंबें वापरलेल्या मोटारीकडे वळतात.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही व्हर्जिनियांत आमच्या पुतण्याकडे असतांना हा प्रश्न आमच्या देखत सोडविला गेला. घरांत पुतण्या, सूनबाई, बारा वर्षांची नात, तिचा धाकटा भाऊ, आणि वर्षांतील सहा महिने तिकडेच राहणारे आमचे वडील बंधू व वहिनी. ट्रेलरमध्यें नातीचा एक व तिच्या मैत्रिणीचा एक असे दोन घोडे जावयाचे. मोटार एकच हवी, तींत सहाहि माणसें बसलीं पाहिजेत आणि मागें घोडेहि आले पाहिजेत, असा सर्वांचा आग्रह. पुतण्यानें एक सात बैठकांची चकचकीत मोटार पाहून ठेविली होती. विकणारा सांगे, “ही सात हजार पौंड सहज ओढते.” विसार देण्याचा बेत झाला होता. तेव्हां बंधूंनीं विचारलें, “अरे, मागचा गाडा किती ओढेल तें कळलें, पण आपण सहाजण कोणत्या आंकड्यांत मोजलों आहों?” बंधूंचा उभा जन्म बांधकामखात्यांत पुलांचे हिशेब करण्यांत गेलेला. त्यांच्या या एका प्रश्नावर पुढचा सारा निर्णय फिरला, म्हणून तो हिशेब वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम मागचें ओझें मोजावें. साधारण स्वारीचा घोडा १,००० ते १,२०० पौंड, म्हणजे सुमारें ४५० ते ५५० किलो भरतो. दोन घोडे हलके धरले तरी २,००० पौंड झाले. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा असतांनाच ३,००० पौंडांच्या आसपास असतो. त्यांत खोगिरें, गवत आणि पाणी. वीस गॅलन पाणीच १६५ पौंडांहून अधिक भरतें. या साऱ्याचे ३०० पौंड धरूं. एकूण ५,३०० पौंड. येथपर्यंत विकणारा खोटें बोलत नव्हता; त्याचे सात हजार पौंड याहून मोठेच होते.

परंतु ट्रेलरचें सर्वच वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतें. त्याचा कांहीं भाग जोडाच्या दांड्यावाटे मोटारीच्या पाठीवर येतो. अमेरिकेंतील ट्रेलरांत हा भाग एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो दहाहून कमी झाला तर ट्रेलर वेगांत असतांना डोलूं लागतो. फार अधिक झाला तर मोटारीचें मागचें अंग दबतें, पुढचीं चाकें हलकीं पडतात आणि सुकाणूचा ताबा सुटूं लागतो. आमच्या हिशेबांत बारा टक्के धरले, म्हणजे ६३६ पौंड.

आतां दुसरा आंकडा पाहावा. अमेरिकेंत प्रत्येक मोटारीच्या चालकाच्या बाजूच्या दारापाशीं, चौकटीवर, टायर व भार यांची एक चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक भार घालूं नये, असें तींत लिहिलेलें असतें. दांड्यावाटे येणारें वजनहि यांतच मोजावयाचें. पुतण्यानें पाहिलेल्या मोटारीवर हा आंकडा १,४०० होता. बंधूंनीं कागद घेतला: पुतण्या १७०, सूनबाई १४०, स्वतः १५०, वहिनी १३०, मुलें १०० आणि ७०, सहाजणांचे मिळून ७६० पौंड. पिशव्या व खाणेंपिणें १५०. जोडाचें लोखंड ५०. दांड्याचे ६३६. बेरीज १,५९६. सात हजार ओढणारी मोटार, घरचीं माणसें बसतांच, जवळजवळ दोनशें पौंडांनीं जास्त भरलेली निघाली!

विक्रेत्याचा आंकडा आणि दारावरचा आंकडा यांत असा विरोध कां येतो? ओढण्याची शक्ति ठरवितांना मोटारींत कुटुंब बसलेलें धरीत नाहींत. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या एस.ए.ई. या संस्थेनें २००८ मध्यें जे. २८०७ नांवाचें मापन प्रसिद्ध केलें; त्यांत प्रत्येकीं १५० पौंडांचीं दोनच माणसें धरलेलीं असतात. अॅरिझोनांतील डेव्हिस डॅमचा लांब चढ, मोटार थंड ठेवणारें यंत्र चालू असतांना, चढून दाखविणें ही त्यांतील एक कसोटी. मापन चांगलें आहे. पण सर्व कंपन्यांनीं तें एकाच वेळीं स्वीकारलें नाहीं. टोयोटानें तें २०११ च्या नमुन्यांपासून लागू केलें, इतरांनीं मागाहून. जुनी मोटार घेणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. कारण त्यापूर्वीचे आंकडे प्रत्येक कंपनीनें आपल्याच रीतीनें काढलेले असल्यामुळें दोन मोटारींची तुलना त्यांवरून होत नाहीं.

मग कोणती मोटार पाहावी? टोयोटा सिएनासारख्या कुटुंबाच्या व्हॅन सात-आठ माणसांना अत्यंत सोईच्या. परंतु त्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे आमच्या भरलेल्या ट्रेलरला त्या पुऱ्या पडत नाहींत. होंडा पायलटसारखी मध्यम मोटार चारहि चाकें फिरविणारी असेल तर ५,००० पर्यंत आणि दोनच फिरविणारी असेल तर ३,५०० पर्यंत जाते. एका हलक्या घोड्यास ती कदाचित् चालेल, दोघांस नाहीं. दोन घोड्यांसाठीं शेव्हरोलेची टाहो किंवा सबर्बन, फोर्डची एक्स्पिडिशन, टोयोटाची सेक्वोया या मोठ्या जातीच्या मोटारी, किंवा चार दारांची पिकअप, यांकडे वळावें लागतें. तेथेंहि नांवावर भुलूं नये. एकाच नांवाच्या, एकाच वर्षाच्या दोन मोटारींत एकीस कारखान्यांतूनच ओढण्याचा सरंजाम बसविलेला असतो: गिअरबॉक्सचें तेल थंड करणारी जाळी, मजबूत आंकडा, सात टोंकांची विजेची जोडणी. दुसरीस कोणीतरी मागाहून नुसता आंकडा बसविलेला असतो. आंकडा बसविल्यानें मोटारीचें सामर्थ्य वाढत नाहीं. शिवाय आंकड्याचीहि स्वतःची मर्यादा त्यावर लिहिलेली असते, आणि पुष्कळ ठिकाणीं ५०० पौंडांहून अधिक दाब यावयाचा असल्यास वजन पुढच्या चाकांकडे वांटून देणारी विशेष जोडणी लागते.

एंजिनाचा जोर हा खरेदीदारास सर्वांत मोहविणारा गुण. परंतु आमच्या मतें तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. ओढणें सोपें, थांबविणें अवघड, आणि सरळ राखणें त्याहून अवघड. ब्लू रिजच्या डोंगरांतून उतरतांना पांच हजार पौंडांचें ओझें मोटारीला मागून ढकलीत असतें. त्यासाठीं ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक हवेत, ते लावण्याचें साधन चालकाच्या हाताशीं हवें, आणि ट्रेलर चुकून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी छोटी विद्युत्पेटी भरलेली हवी. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर जितकें लांब, तितकी ती ट्रेलरच्या हेलकाव्यास कमी बधते. घोडा हा सिमेंटच्या पोत्यासारखा निपचित पडून राहणारा माल नव्हे. तो उंच, सजीव आणि घाबरणारा भार आहे. तो पाय बदलतो, मान झटकतो, आणि प्रत्येक हालचाल मोटारीच्या पाठीस कळते. एकच घोडा न्यावयाचा असेल तर अमेरिकेंत तो डाव्या कप्प्यांत उभा करतात. कारण तेथें वाहनें उजवीकडून चालतात आणि रस्त्याचा उतार उजव्या कडेकडे असतो.

ज्यांचीं मुलें इंग्लंडांत आहेत त्यांनीं हें उलट समजावें. तेथें एकटा घोडा उजवीकडे. १९९७ पासून परवाना मिळविलेल्या चालकांस तेथें मोठा ट्रेलर ओढण्यासाठीं निराळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर नेतां येऊं लागला. परीक्षा गेली, घोड्याचें वजन मात्र तेंच राहिलें!

आतां वापरलेल्या मोटारीची पारख. प्रत्येक मोटारीवर सतरा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. त्यावरून अमेरिकेच्या वाहनसुरक्षा-खात्याकडे दुरुस्तीसाठीं परत बोलाविलेल्या दोषांची माहिती फुकट मिळते, आणि मालकीच्या नोंदींवरून मोटार पुरांत बुडाली होती कीं काय याचाहि तपास करतां येतो. खालून पाहावी: उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानें सांगाडा व ब्रेकच्या नळ्या गंजतात. आंकड्याचें भोंक फार घांसलेलें दिसलें तर मोटारीनें पुष्कळ ओझीं ओढलीं आहेत असें समजून गिअरबॉक्सचें तेल अवश्य तपासवावें. तें काळपट आणि जळका वास येणारें असेल तर तेथूनच परतावें. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक तो कोणत्या आठवड्यांत व कोणत्या वर्षीं झाला हें सांगतात. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात, म्हणून ते अंक तेथेंहि वाचावे. शेवटीं, शक्य असेल तर ट्रेलर जोडून चालवून पाहावी आणि हमरस्त्यावरील ट्रकच्या थांब्यावर वजनकांट्यावर चढवावी. हे सर्व विचार खरेदीच्या आधीं करावयाचे. मागाहून केले तर तें वरातीमागून घोडें होतें.

पुतण्याची ती चकचकीत मोटार तेलाच्या परीक्षेंतहि उतरली नाहीं. त्याऐवजीं चार वर्षांनीं जुनी, रंगानें साधी, परंतु लांब आणि कारखान्यांतूनच सरंजाम बसविलेली मोटार मिळाली. तिच्या दारावरचा आंकडा १,६५०. बेरीज १,५९६, बसत होती, पण जेमतेम. बंधूंचा नियम असा कीं कोणत्याहि आंकड्याच्या चारपंचमांशापुढें जाऊं नये. पूल काय आणि मोटार काय, शेवटचा पंचमांश संकटासाठीं असतो. त्यांनीं पेन्सिल घेऊन कागदावरचीं दोन नांवें स्वतःच खोडलीं: आपलें आणि वहिनींचें.

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. वहिनी हंसून म्हणाल्या, “म्हणजे आम्हीच जड झालों म्हणायचें!” हंसण्यांतला सल सर्वांस कळला, नातीचे तर डोळे भरून आले. आजी-आजोबांनीं आपल्याला घोड्यावर पाहावें म्हणूनच तिला मोठी मोटार हवी होती. बंधू म्हणाले, “जड नव्हे, मोजण्यासारखीं झालों. ज्यांना मोजीत नाहींत त्यांचीच काळजी करावी.” मग सूनबाईंनीं तोड काढली: घोडे असतील त्या दिवशीं पुतण्या व मुलें मोठ्या मोटारींत, आणि वडील मंडळी सूनबाईंबरोबर तिच्या लहान मोटारींत, मागून. नवी बेरीज १,१७६.

पहिल्या स्पर्धेस आम्हीहि त्या लहान मोटारींत होतों. सबंध वाटभर पुढें ट्रेलरच्या जाळींतून दोन शेपट्या दिसत होत्या आणि ट्रेलर एका रेषेंत चालला होता. उतारावर पुतण्यानें वेग कमी केला तेव्हां वहिनींनीं हात जोडले, आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, “येथून तर सगळेंच दिसतें.”

एकत्र कुटुंब म्हणजे सर्वांनीं एकाच गाडींत बसणें नव्हे. सर्वांचें वजन आधीं मोजून मग गाडी हांकणें होय. मोटार घेणाऱ्यानें विक्रेत्याचा आंकडा ऐकावा, दारावरचा वाचावा, आणि घरच्या माणसांचा स्वतः मांडावा. हे तीन आंकडे जुळले तर मोटार जुनी असली तरी चालेल. न जुळले तर नवी असूनहि घेऊं नये.