वळिवाचा वारा येतो कुठून?

मे महिन्यात अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात पाथर्डी किंवा कर्जतकडे वळिवाने घरांचे पत्रे उडवले, डाळिंबाची झाडं आडवी केली की ‘चक्रीवादळ झालं’ अशी बोलवा होते. पण चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि त्याची सूचना काही दिवस आधी मिळते. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ तसं होतं. तापलेल्या रानात पाचोळा गरगरवणारी वावटळ आणखी वेगळी. तिला ढगही लागत नाही.

वळिवाचा वारा बहुधा गरगरत नाही, सरळ झोडपत जातो. ‘वाऱ्याने ढग आणला’ असं आपण म्हणतो. या वाऱ्याच्या बाबतीत घडतं उलट, ढगच वारा खाली सोडतो. तापलेली दमट हवा वर चढून दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत शिरला की बरेच थेंब वाटेतच सुकतात. वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतात. गार झालेली हवा जड होते, वेगाने कोसळते आणि जमिनीवर आपटून पसरते. पर्जन्यछायेतल्या नगर जिल्ह्यात उन्हाळ्यात खालची हवा कोरडीच असते, त्यामुळे चार थेंब पडून नुसत्या वाऱ्यानेच नुकसान होऊ शकतं. ‘पाऊसच नाही, मग ढगाचा काय दोष?’ याचं उत्तर हेच.

असे वारे उष्ण देशांतच होतात, हेही खरं नाही. ५ जुलै २००२ ला फिनलंडच्या पूर्व भागात गडगडाटी ढगांच्या एकाच रांगेने फार मोठा पट्टा झोडपून काढला होता. पुढे पसरणारी गार हवा समोरची दमट हवा उचलते, नवे ढग उभे राहतात आणि रांग पुढे सरकत राहते. नुकसानीचा पट्टा सुमारे चारशे किलोमीटर लांब आणि झोत ताशी ९३ किलोमीटरच्या वर गेले, तर हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘डेरेचो’ म्हणतात. आपल्याकडचा एकटा-दुकटा वळिवाचा ढग मात्र साधारण तासाभरात विरतो.

दुष्काळात आणखी एक समज जोर धरतो: पारनेरच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग पळवतात. पवनचक्कीचं पातं जमिनीपासून शंभर-दीडशे मीटरपर्यंत पोचतं. पावसाच्या ढगाचा तळच बहुधा त्याहून कितीतरी वर असतो. शिवाय वारा ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेला की ती यंत्रं स्वतःहून थांबतात.

सगळ्यांत घातक समज एकच: ‘पाऊस सुरू झाला की आवरू.’ वारा पावसाच्या आधी पोचतो. काळा ढग चढलेला असताना उकाडा एकदम मोडून गार झुळूक लागली किंवा क्षितिजावर धुरळ्याची भिंत दिसली, तर हातात काही मिनिटंच असतात. तेवढ्यात कांद्यावरचा कागद बांधायला धावू नये. झाडाखाली, होर्डिंगखाली किंवा सुट्या पत्र्यांच्या शेडमध्ये थांबू नये. पक्कं घर गाठावं.