पाण्यातली मोटार तापते कशी?

धरमतर खाडीच्या मुखावरच्या करंजा बंदरातल्या मोठ्या मच्छीमार बोटी डिझेल इंजिनावर चालतात. विजेच्या मोटारीचा प्रश्न येतो तो मागे आउटबोर्ड लावलेल्या छोट्या होडीला. ही मोटार तापली की निकाल ठरलेला असतो: मोटार गेली, बदला. शिवाय पंख्यालगत पाण्यातच बसवलेली मोटार तापूच शकत नाही, अशीही समजूत आहे. पण उष्णता मुख्यतः येते ती तांब्याच्या वेटोळ्यांतून वाहणाऱ्या करंटमुळे, आणि करंट दुप्पट झाला की ती चौपट होते. पाणी ती फक्त वाहून नेतं, तेही कवचावर चिखल आणि कालवांचा थर चढला नसेल तर. तेव्हा मोटारीवर आळ घेण्याआधी करंट कशाने वाढला ते शोधायला हवं.

या खाडीच्या मुखाशी पहिला संशय पंख्यावरच घ्यावा. मोठ्या उधाणाला इथलं पाणी चार मीटरच्याही वर चढतं-उतरतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि उथळ पाण्यात पंखा गाळ घुसळू लागतो. जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळला तर आणखी वाईट. फिरणारी मोटार स्वतःच एक विरोधी व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला आवर घालतं. पंखा अडून वेग पडला की हा आवर सुटतो. धागा पुढे शाफ्टचं सीलही कापतो, मग खारं पाणी आत. म्हणून बॅटरीची वायर सोडवून, पंखा काढून त्याच्या मागे पाहावं. पंखा स्वच्छ असूनही तापतेच, असं कुणी म्हणेल. मग वायरींचे जोड तपासा. खारट हवेत हिरवट पडलेल्या जोडाचा रोध 0.02 ओहम असला, तरी 50 अँपिअरला तिथे 50 वॅट उष्णता होते आणि 12 व्होल्टांतला एक व्होल्ट वाटेतच जातो. मोटार बंद असताना मीटर लावला तर यातलं काहीच दिसत नाही. ती चालू असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना लावावा.

खाडीपलीकडच्या रेवसकडे जाताना खाडीची ओढ आडवी येते, पूर्ण जोर लावावाच लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. फेरे एक पंचमांशाने कमी केले तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. तेवढ्यात होडी ओढीला पुरी पडत नसेल, तर मोटारच लहान निवडली आहे. भरती-ओहोटीची वेळ साधणं हाच तात्पुरता उपाय. उलट, हात टेकवत नाही म्हणजे बिघाड, हेही चूक. साठ अंशांचं कवच हाताला चटका देतं, पण आतल्या वेटोळ्यांवरचं एफ वर्गाचं इन्सुलेशन 155 अंशांपर्यंत टिकतं. मर्यादेपलीकडे मात्र दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून मोटारीच्या कंट्रोलरने स्वतःहून जोर कमी केला, तर त्याला बगल देऊन पुन्हापुन्हा स्टार्ट करू नये. पाण्याच्या वर बसवलेल्या तापल्या मोटारीवर बादलीभर पाणी ओतणं तर सर्वांत महागात पडतं: आतली हवा एकदम आकसते आणि झिजलेल्या सीलमधून तेच खारं पाणी आत ओढून घेते. ती बंद करून आपोआप निवू द्यावी.