खजूर हा शब्द आला कुठून?

मगरिबची अजान कानावर पडली की रोजेदाराचा हात आधी खजुराकडे जातो. घरी असो की मशिदीतल्या दस्तरखानावर, समोर भजी, फळे, सरबत सारे मांडलेले असते. पण सुरुवात खजुरानेच. रमजानच्या बाजारात अजवा, मबरूम अशी अरबी नावे सर्रास ऐकू येतात. त्यामुळे ‘खजूर’ हा शब्दही अरबस्तानातूनच आला असेल, असे अनेकांना वाटते. त्यात मुस्लिमही आले.

प्रत्यक्षात खजूर हा शब्द इथलाच, संस्कृत ‘खर्जूर’वरून आलेला. चरकसंहितेत तो भेटतो आणि खजुराहो या गावाचे नावही त्याच्याशीच जोडले जाते. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारी शिंदी ही खजुराची सख्खी बहीण. तिच्या पानांच्या केरसुणीची लक्ष्मीपूजनाला पूजा होते.

अरबीत मात्र या फळाला एका नावाने भागत नाही. झाडावर ते जसे पिकत जाते तसे नाव बदलते. कच्चे पण रंग धरलेले ते ‘बुस्र’, पिकून मऊ रसाळ झालेले ‘रुतब’ आणि सुकून टिकाऊ झालेले ‘तम्र’. रुतब या शब्दात ओलावा आहे. उर्दूतली ‘रुतूबत’ त्याच धातूची. हा फरक नुसता कोशातला नाही. हजरत अनस (र.) यांच्या हदीसनुसार पैगंबर (स.) नमाजआधी रुतबने रोजा सोडत. रुतब नसेल तर तम्र आणि तेही नसेल तर पाण्याचे काही घोट. मराठीत दोन्हींना ‘खजूर’ म्हटले की हा क्रमच हरवतो. कुरआनातल्या ‘मरयम’ या अध्यायात प्रसववेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरयम यांना खजुराचे खोड हलवायला सांगितले जाते, तेव्हा पडतात ते ताजे रुतबच.

हा ‘तम्र’ आपल्या स्वयंपाकघरातही आहे, पण वेगळ्याच वेशात. चिंचेचा काळपट गर पाहून अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर म्हटले. त्यातूनच इंग्रजीतले ‘टॅमरिंड’ तयार झाले. गोडाचे नाव आंबटाला मिळाले, चिंचेची त्याला हरकत दिसत नाही!

फारसीने या फळाला ‘खुर्मा’ म्हटले आणि दुधाला ‘शीर’. ईदच्या सकाळी घरोघरी शिजतो तो शिरखुर्मा म्हणजे शब्दशः दूध-खजूर. त्यात शेवया असतात हे खरे, पण नावात त्यांना जागा नाही. सुकामेवा महागला की घरात बदाम-पिस्ते कमी होतात, चारोळीही चिमूटभरच पडते. तरीही चांदरातीला खारीक भिजत घालायची कोणी विसरत नाही. सकाळी बी काढून तिचे पातळ काप होतात आणि पातेल्यात दूध उकळू लागते.