चढत्या गुणांचा अर्थ : कॅलिफोर्नियातील स्थलांतरित विद्यार्थी आणि विद्यापीठप्रवेश

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांच्या शाळेला हायस्कूल म्हणतात आणि महाविद्यालयीन प्रवेशात या चारही वर्षांची नोंद पाहिली जात असल्यामुळे, मध्येच देश बदललेल्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे कमी गुण त्याला कायमचे मागे ठेवतील, ही धास्ती अनेक कुटुंबांत असते. महाराष्ट्रातून गेलेल्या पालकांच्या धास्तीत आणखी भर पडते, कारण शालान्त परीक्षेत ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मानणाऱ्या व्यवस्थेतून ते अशा व्यवस्थेत आलेले असतात, जिथे तेवढ्याच टक्क्यांना बहुतेक शाळांत 'सी' ही मधली श्रेणी मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने परदेशी गुणांचे रूपांतर अर्जदाराने स्वतः न करता ते मूळ गुणपत्रकात असतील तसेच नोंदवावेत असा नियम ठेवला आहे, तो यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

या विद्यापीठाचे नियम बारकाईने वाचल्यास असमान गुणांच्या विद्यार्थ्याला वाटते त्यापेक्षा बरीच अधिक जागा असल्याचे दिसते. 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २ अशा हिशेबाने काढलेल्या सरासरीला जीपीए म्हणतात. राज्यातील रहिवाशासाठी ती किमान ३.० आणि बाहेरच्यासाठी ३.४ असावी लागते. मात्र ही सरासरी मुख्यतः दहावी आणि अकरावीच्या श्रेणींवरून काढली जाते. नववीचे विषय 'सी' किंवा त्याहून वरच्या श्रेणीत पूर्ण झाले तर ते आवश्यक १५ वार्षिक विषयांत मोजले जातात, पण त्यांची श्रेणी सरासरीत धरली जात नाही. गणितात खालच्या पायरीवर 'डी' मिळालेल्या विद्यार्थ्याने पुढच्या पायरीवर 'सी' मिळवली, तर विषयपूर्ततेपुरती आधीची उणीव भरून निघते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी चालणाऱ्या खास वर्गांचे मात्र एकच वर्ष इंग्रजीच्या चार वर्षांत धरले जात असल्याने, त्या वर्गांत मूल किती काळ राहते यावर पालकांनी लक्ष ठेवणे अत्यावश्यक आहे. उलट, सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षे मराठी माध्यमात समाधानकारक श्रेणीने शिकलेल्या विद्यार्थ्याची 'इंग्रजीखेरीज अन्य भाषा' ही अट त्या शिक्षणानेच पूर्ण होऊ शकते. ही तरतूद मराठी कुटुंबांनी आवर्जून माहीत करून घ्यावी.

किमान पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. विद्यापीठाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस या शाखांत त्याहून पुष्कळ वरचे गुण असलेलेही नाकारले जातात. तेथे अर्ज समग्रपणे वाचला जातो, म्हणजे गुणांबरोबर शाळेत उपलब्ध असलेले विषय, घरची परिस्थिती आणि गुणांचा चढ-उतार यांचाही विचार होतो. २०२१ पासून एसएटी परीक्षेचे गुण निवडीत विचारात घेतले जात नाहीत आणि बहुतेक अर्जदारांकडून शिफारसपत्रही मागवले जात नाही. त्यामुळे देशबदल कोणत्या वर्षी झाला, कोणते विषय कशामुळे घसरले आणि नंतर काय सुधारले, हे विद्यार्थ्याने अर्जातच नेमकेपणाने लिहावे लागते. जे तेथे लिहिले नाही ते वाचणाऱ्याला कळण्याचा दुसरा मार्ग जवळपास नसतो.

हायस्कूलची नोंद फारच विसकळीत असेल, तर राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजांचा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. कमी शुल्कात पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या या महाविद्यालयांतून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाताना निवड प्रामुख्याने तेथील कामगिरीवर होते आणि डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझ यांच्यासह सहा शाखा ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमीही देतात. या मार्गाला कमीपणाचे मानण्याची जी रीत मराठी कुटुंबांत आढळते, तिला आधार नाही, कारण शेवटी मिळणारी पदवी तीच असते.

शुल्काचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठोर आहे. ग्रीन कार्डधारकाला संघराज्याची आर्थिक मदत मिळू शकते, पण पालकांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावरील विद्यार्थ्याला ती मिळत नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी हा व्हिसाही संपतो. म्हणून अशा कुटुंबांनी शाळेच्या समुपदेशकाशी विषयनिवडीबद्दल आणि जाणकार वकिलाशी व्हिसाबद्दल बारावीची वाट न पाहता दहावीतच बोलून घ्यावे.