अंगणातील कण्हेर आणि मुकी जनावरे

वडगाव काय, निपाणी काय, आपल्याकडे कुंपणाला कण्हेर हवीच. ती ऊन सोसते, पाणी थोडे मागते, आणि गुरेही तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ती का लावीत नाहीत, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

कण्हेरीच्या पानांत, फुलांत, सालीत व मुळांत हृदयाची गती बिघडविणारे विष असते. ओल्या पानाचा कडूपणा जनावराला सावध करतो. पान वाळले की ते वैरणीबरोबर सहज पोटात जाते, आणि विष तसेच राहिलेले असते. केरळात गाय व वासरू दगावल्याच्या वार्तेनंतर मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य-प्रसादातून हे फूल वगळले.

पिवळी बिट्टी व कुंपणातील कळलावी ह्याही विषारीच. माळावरची घाणेरी यकृत बिघडविते. ती खाल्लेल्या गुराची कातडी उन्हात सोलवटते.

म्हणून झाड तोडावयास नको. परंतु छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत, जाळूही नयेत, खोल पुराव्यात. कुत्रे ओकू लागले वा गाय लटपटू लागली, तर घरगुती औषधांत वेळ न दवडता, त्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे. मुक्या जिवाला आपली व्यथा सांगता येत नाही. ती डहाळीच त्याच्या वतीने बोलेल.