पहिले क्लॅरिनेट घेताना

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या लग्नांत बँड पथक येते तेव्हा चकाकत्या पितळी वाद्यांच्या गर्दीत एखाद-दुसरी काळी नळी दिसते. ते क्लॅरिनेट, बँडवाल्यांच्या तोंडी क्लॅरोनेट. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने १७०० च्या सुमारास ते घडवले. पुढे ते युरोपातल्या लष्करी बँडमध्ये शिरले आणि फौजांबरोबर भारतात आले. हिंगोलीतही १९०३ पर्यंत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजी बँडचे गणवेश आणि वाद्ये देशभर वरातीत उतरली, ती अशा छावण्यांच्या काळातच.

आज हे वाद्य शिकू पाहणाऱ्यांच्या वाटा वेगवेगळ्या असतात. कुणाला बँड पथकात जायचे असते. कुणाच्या डोळ्यांसमोर पोलीस भरतीतले बँड्समनचे पद असते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. कुणाला भजनाच्या पेटीबरोबर वाजवायचे असते. कोणते क्लॅरिनेट घ्यावे हे बरेचसे या वाटेवर ठरते, म्हणून सूर आधी पाहावा.

क्लॅरिनेट अनेक सुरांची येतात, पण नवशिक्याने बी फ्लॅटचेच घ्यावे. बँडची आणि पोलीस बँडची नोटेशने त्याच्यासाठीच लिहिलेली असतात आणि सुटे भागही त्याचेच सहज मिळतात. या वाद्यावर लिहिलेला सी वाजवला की कानावर बी फ्लॅट, म्हणजे पेटीची काळी पाच, पडते. पेटीवाल्याने पांढरी एक धरली तर क्लॅरिनेटवर डी हा सा मानावा लागतो. काळी एक धरली तर ई फ्लॅट. हे गणित ठाऊक नसल्याने भजनी मंडळात ‘वाद्य बेसूर आहे’ असा शिक्का बसतो आणि नवे वाद्य खोक्यात पडून राहते. लहान मुलासाठी छोटे ई फ्लॅट क्लॅरिनेट घेण्याचा मोहही टाळावा. ते सुरात ठेवणे अधिक अवघड. बोटे सगळी भोके नीट झाकण्याइतकी वाढेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत, थांबलेले बरे.

सनई वाजवणाऱ्या घरातून आलेल्याला आणखी एक धक्का बसतो. सनईत फुंक वाढवली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सरळ असते आणि तोंडाकडून बंद नळीसारखी वागते. त्यामुळे डाव्या अंगठ्याची मागची चावी दाबली की खालच्या सा च्या बोटांवर वरच्या सप्तकातला प वाजतो. खालची आणि वरची बोटे वेगळी शिकावी लागतात. हा वाद्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

चाव्यांच्या रचना दोन. बोम रचना क्लोझे आणि बुफे यांनी पॅरिसमध्ये १८३९ च्या सुमारास आणली; तिच्यात बहुधा १७ चाव्या आणि ६ कडी असतात. जुनी साधी किंवा अल्बर्ट रचना बहुधा १३ चाव्यांची. बहुतेक नवी पुस्तके आणि तक्ते बोमचे असल्याने नवशिक्याने बोम घ्यावे. अपवाद एकच: शिकवणारे उस्ताद अल्बर्टवर वाजवत असतील तर त्यांच्याच बोटांची रचना घ्यावी, कारण शिकणे त्यांच्या बोटांकडे पाहूनच होणार आहे. मींड दोन्हींवर निघते, ती उघड्या भोकांवरून बोट हळूच सरकवून आणि ओठाने.

चांगली क्लॅरिनेट आफ्रिकी काळ्या लाकडाची, हे खरे. पण मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात तापलेल्या किंवा हिवाळ्याच्या पहाटे गारठलेल्या लाकडात दमट फुंक गेली की तडा जाण्याची भीती असते. उघड्यावर वाजणाऱ्या पहिल्या वाद्यासाठी एबीएस प्लास्टिकच शहाणपणाचे. यामाहाचे वायसीएल-२५५ हे शिकाऊ मॉडेल त्याच प्लास्टिकचे आहे. भारतात बँडच्या वाद्यांचे मोठे केंद्र म्हणजे मेरठची जली कोठी. तिथली क्लॅरिनेट पुष्कळ स्वस्त पडतात. मात्र स्वस्त वाद्यांत एकाच नमुन्याचे दोन नग सारखे निघतीलच असे नाही. म्हणून फोटो पाहून मागवण्यापेक्षा हातात घेऊन तपासलेले बरे.

तपासणीत पहिली गोष्ट गळती. हवा एका पॅडखालून जरी निसटली तरी खालचे सूर फुटतात, आणि शिकणारा स्वतःच्या फुंकीला दोष देत बसतो. वरचा तुकडा वेगळा काढावा, सर्व भोके बोटांनी झाकावीत, खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि वरून हवा ओढावी. ओढ क्षणभर टिकली आणि ओठ काढताना ‘टप्’ असा आवाज झाला तर पॅड घट्ट बसले आहेत. खालच्या तुकड्यालाही हेच करावे. तिथे काही चाव्या बोटांनी दाबून धराव्या लागतात. शंका आल्यास पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली घालून चावी बंद करावी आणि पट्टी अलगद ओढावी. चहूबाजूंनी सारखी अडली पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाली तर तिथे फट आहे.

मग चाव्या पाहाव्यात. बोटाच्या दाबाने वाकणारी मऊ धातूची चावी महिनाभरही सुरात राहत नाही. दोन तुकडे जोडणारी पट्टी वाकलेली नसावी. जोडावरचा कॉर्क इतका सैल नको की वाद्य डुगडुगेल. शेवटी जाणत्या वादकाकडून सर्वांत खालचा ई हळू फुंकीत वाजवून घ्यावा. तो चाव्या दामटून न दाबता आला तर वाद्य बहुधा ठीक.

जुने वाद्य घेताना सुराची खात्री अधिक हवी. ब्रिटिश लष्करी बँडचा जुना सूर आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२ हर्ट्झच्या आसपास होता. त्या काळचे क्लॅरिनेट जोड ओढून थोडे उतरते, पण सगळी भोके त्याच मापाने पाडलेली असल्याने सूर एकमेकांशी जुळत नाहीत. असे वाद्य दिसायला कितीही देखणे असो, पेटीशी किंवा ट्यूनरशी ताडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैसे वाचवायचे असतील तर वाद्याचे खोके आणि चकाकी यांवर वाचवावेत, माउथपीसवर नव्हे. स्वस्त वाद्याबरोबर आलेला माउथपीस वेडावाकडा घासलेला असेल तर साध्या एबोनाइटच्या माउथपीसने तेच वाद्य सुधारते. रीड, म्हणजे एका विशिष्ट बोरूपासून कापलेली पत्ती, २ किंवा २॥ क्रमांकाची घ्यावी. जाड पत्तीने आवाज मोठा होतो, हा समज नवशिक्याचे ओठ दमवतो. पत्ती एकच घेऊ नये. तीन-चार आलटून पालटून वापराव्यात, कारण त्या चिरतात.

वाजवून झाल्यावर नळीतून मऊ कापड ओढावे, पत्ती काढून सपाट जागी वाळवावी आणि कॉर्कला त्याचेच ग्रीस लावावे, खोबरेल नव्हे. नवे पॅड पहिल्या काही महिन्यांत दबून बसतात. तेव्हा पतंगाच्या कागदाची तीच पट्टी पुन्हा एकदा सगळ्या चाव्यांखालून फिरवावी.