लेन्स माउंट बदलला, तरी फोकस का चुकतो?

कॅमेरा पडला की अनेकदा माउंट वाकतो. माउंट म्हणजे बॉडीवरची धातूची गोल रिंग, जिच्यात आपण लेन्स फिरवून बसवतो. रिंग बदलणं हे चार-पाच स्क्रूंचं काम वाटतं. पण खरा खेळ अंतराचा आहे.

माउंटपासून सेन्सर किंवा फिल्मपर्यंतच्या अंतराला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. निकॉन एफ माउंटला ते ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी, सोनी ई-ला १८ मिमी असतं. यात ०.१ मिमीचा, म्हणजे साध्या कागदाएवढा फरक पडला तर? ५० मिमी लेन्स घ्या. ५० गुणिले ५० म्हणजे २५००, भागिले ०.१ म्हणजे २५,००० मिमी. माउंट तेवढा पुढे आला, तर 'अनंत'वर लावलेली लेन्स प्रत्यक्षात २५ मीटरवर फोकस करते. त्यापलीकडचं सगळं मऊ!

फणसवाडीतल्या शेजारच्या काकांच्या फिल्म एसएलआरचं हेच झालं होतं. माउंट एका दुकानातून बदलून आणलेला. जवळचे फोटो छान, लांबचे मऊ, त्यातही एक बाजू जास्त. लेन्स खराब झाली म्हणून काका नवी घ्यायला निघाले होते. मी डेप्थ मायक्रोमीटरने चार जागी मोजलं, तर एका बाजूला ०.१ मिमी जास्त! माउंटखालची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, तिथे दुमडली होती. ती बदलली, लेन्स वाचली.

घरी करणार असाल तर:

१. उघडताना कुठली शिम कुठे होती, याचा फोटो काढा.
२. जपानी कॅमेऱ्याला जेआयएस स्क्रूड्रायव्हर वापरा. साध्या फिलिप्सने स्क्रूची खाच झिजते.
३. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.
४. डिजिटल कॅमेऱ्यात मोजमापाचं टोक सेन्सरला कधीच लावू नका. ते काम कारागिराकडेच द्या.

आता तपासणी. आमच्या गल्लीत हा दोष कळणारच नाही, कारण तिथे सगळंच जवळ. गिरगाव चौपाटीवर जा, ॲपर्चर पूर्ण उघडा, ट्रायपॉडवरून पलीकडच्या मलबार हिलवर फोकस करा आणि चारही कोपरे बघा.

मिररलेसमध्ये ऑटोफोकस सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे थोडा फरक भरून निघतो. डीएसएलआरमध्ये 'एएफ फाइन ट्यून' असतं. पण माउंट तिरका असेल तर दोन्हींचा उपयोग नाही. तिथे शिमच लागते.